राउटरच्या खोक्यावरची अक्षरे : घरातल्या बिनतारी जाळ्याचा इतिहास

१/२५
दुकानाच्या फळीवर मांडलेल्या राउटरच्या खोक्यावर चार-पाच गोष्टी ठळक छापलेल्या असतात : 'ड्युअल बँड', 'वाय-फाय ६', 'डब्ल्यूपीए३', वेगाचा काही हजारांतला आकडा आणि उभ्या अँटेनांचे चित्र. गिऱ्हाईक किंमत आणि वेग पाहून निवड करते. त्या अक्षरांमागे मात्र जुने वाद आहेत, चुका आहेत, न्यायालयीन खटलेही आहेत. घरासाठी राउटर निवडताना नेमके काय विचारावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदलले. ते का बदलले, आणि आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेक खोक्यांवर का सापडत नाही, याचा हा इतिहास.

२/२५
या इतिहासाची सुरुवात स्वयंपाकघराजवळ होते. १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. तेथे काही रेडिओ वारंवारता उद्योग, विज्ञान आणि वैद्यक या क्षेत्रांतील यंत्रांसाठी बाजूला काढण्यात आल्या. ही यंत्रे संदेश पाठवण्यासाठी नव्हती. लहरींनी पदार्थ तापवणे, हे त्यांच्यातील अनेकांचे काम. २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी पुढे मायक्रोवेव्ह भट्टीची झाली. जेथे भट्ट्यांचा गोंगाट कायमचा, तेथे संदेशवहन कोण करणार? अभियंते या पट्ट्यांना सरळ 'कचरापट्ट्या' म्हणत. मोलाच्या वारंवारता सैन्य, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्या वाट्याला गेल्या होत्या. उरली ती पडीक जमीन.

३/२५
या पडीक जमिनीकडे मायकेल मार्कस या अभियंत्याचे लक्ष गेले. ते अमेरिकेच्या 'एफसीसी' या दूरसंचार नियामक आयोगात काम करत होते. रेडिओ लहरी वापरायच्या तर सरकारी परवाना हवा, हा तोवरचा जगभरचा नियम. मार्कस यांच्या प्रयत्नांतून ९ मे १९८५ रोजी आयोगाने त्याला अपवाद केला. ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झ यांच्या आसपासच्या तीन पट्ट्या संदेशवहनासाठी परवान्याविना खुल्या झाल्या. अटी दोन : प्रक्षेपणाची शक्ती मर्यादित असावी आणि संदेश एकाच वारंवारतेवर न पाठवता विस्तृत पट्टीवर पसरून पाठवावा. आज खोक्यावर दिसणारे '२.४' आणि '५' हे आकडे या निर्णयाच्या कुळातले आहेत.

४/२५
येथे एक लोकप्रिय समज तपासून घ्यायला हवा. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार हिने वाय-फायचा शोध लावला, असे समाजमाध्यमांवर वारंवार लिहिले जाते. वस्तुस्थिती अशी : लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली एक पेटंट मिळाले. शत्रूला पाणतीराचा नियंत्रणसंदेश बिघडवता येऊ नये म्हणून तो संदेश एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या मारत पाठवायचा, ही त्यातील कल्पना. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, वारंवारता त्यात योजल्या होत्या. कल्पना खरोखर बुद्धिमान होती. परंतु घराघरांत प्रथम पोहोचलेले वाय-फाय वारंवारतेच्या उड्यांवर चालत नव्हते. संदेश पसरवण्याची त्याची रीत वेगळी होती. लामार यांचे श्रेय मोठे आहे, पण ते या नात्याच्या दूरच्या शाखेत बसते.

५/२५
परवाना गेला, पण मोकळ्या जागेचे करायचे काय? एक उत्तर दुकानातल्या गल्ल्यावरून आले. एनसीआर ही कंपनी दुकानांतील रोखनोंदणी यंत्रे बनवत असे. दुकानाची मांडणी बदलली की यंत्रांच्या तारा उखडून पुन्हा टाकाव्या लागत. तारेविना यंत्रे जोडण्याचे काम कंपनीच्या नेदरलँड्समधील केंद्रात सुरू झाले. तेथील विक हेज आणि ब्रूस टक यांना उमगले की एका कंपनीपुरती पद्धत फार काळ टिकणार नाही. सर्वांसाठी एक सामायिक मानक हवे. १९८८ मध्ये ते 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेले. १९९० मध्ये '८०२.११' या क्रमांकाची समिती कामाला लागली. हेज दहा वर्षे तिचे अध्यक्ष होते.

६/२५
समितीत परस्परांचे स्पर्धक शेजारी बसत आणि प्रत्येकाला आपलीच पद्धत मानक व्हावी असे वाटे. मानक मंजूर व्हायला १९९७ साल उजाडले. वेग होता सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. मोठी अडचण मात्र वेगाची नव्हती. तडजोड म्हणून त्या एकाच मानकात तीन निरनिराळ्या पद्धती मान्य झाल्या होत्या : वारंवारतेच्या उड्या, थेट पसरवलेला संदेश आणि अवरक्त किरण. परिणामी दोन उपकरणे मानकाबरहुकूम असूनही एकमेकांशी अवाक्षर बोलू शकत नसत. घरासाठी यंत्र घेणाऱ्याचा पहिला ऐतिहासिक प्रश्न येथे जन्मला : हे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलेल का?

७/२५
त्या काळी घरासाठी वेगळाच उमेदवार तयार होत होता. १९९८ मध्ये काही कंपन्यांनी 'होमआरएफ' नावाचा गट उभारला. कार्यालयांसाठी ८०२.११ आणि घरांसाठी होमआरएफ, अशी वाटणी होईल असे अनेकांना वाटत होते. घरगुती पद्धत स्वस्त असावी आणि तिच्यातून दूरध्वनीही चालावा, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच गैर नव्हता. पण तिचा सुरुवातीचा वेग २ मेगाबिटच्याही आत होता. शिवाय कार्यालयातला लॅपटॉप घरी आणला की त्याला दुसरी बोली शिकवावी लागणार होती. गटाच्या प्रमुख आधारांपैकी असलेली इंटेल कंपनीही पुढे प्रतिस्पर्धी बाजूला गेली, आणि जानेवारी २००३ मध्ये होमआरएफचा गट विसर्जित झाला.

८/२५
पारडे फिरवणारी एक घटना २१ जुलै १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये घडली. ॲपलच्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्स यांनी नवा आयबुक हातात धरून इंटरनेटची पाने उघडून दाखवली, आणि त्या लॅपटॉपभोवती एक गोल कडे फिरवून कोठेही तार नसल्याचे सिद्ध केले. जादूगाराच्या प्रयोगासारखा हा प्रसंग होता. आतले तंत्र ॲपलचे नव्हते. रेडिओ कार्ड ल्यूसेंट कंपनीचे होते, आणि त्याची वंशावळ एनसीआरच्या त्याच डच केंद्रापर्यंत पोहोचत होती. कार्डाची किंमत ९९ डॉलर आणि 'एअरपोर्ट' या तळयंत्राची २९९ डॉलर. बिनतारी जाळे ही कार्यालयाची चैन न राहता घरात विकत आणण्याची वस्तू झाली, ती या सुमारास.

९/२५
त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ मेगाबिट वेगाचे '८०२.११बी' मानक मंजूर झाले. यंत्रे एकमेकांशी खरोखर बोलतात की नाही, हे तपासून शिक्का देण्यासाठी काही कंपन्यांनी ऑगस्ट १९९९ मध्ये एक संघटना स्थापन केली होती. तिला गिऱ्हाइकाच्या जिभेवर बसेल असे नाव हवे होते. 'इंटरब्रँड' या नामकरण करणाऱ्या संस्थेने सुचवलेल्या नावांतून 'वाय-फाय' निवडले गेले. हे कशाचेही संक्षिप्त रूप नाही. 'वायरलेस फिडेलिटी' हा अर्थ त्याला घोषवाक्याच्या रूपाने मागाहून चिकटवला गेला. शिक्क्याचे काम मात्र खरे होते : हा शिक्का असलेले कोणतेही यंत्र तसाच शिक्का असलेल्या दुसऱ्या यंत्राशी बोलेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर छापले गेले.

१०/२५
आता राउटर या वस्तूकडे वळू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला क्रमांकाचा पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. ते संपणार, हे नव्वदच्या दशकाच्या आरंभीच दिसू लागले. १९९४ मध्ये एक तात्पुरती युक्ती मांडली गेली : घराला बाहेरून एकच पत्ता असावा, आत हवी तितकी यंत्रे असावीत, आणि कोणते टपाल कोणाचे याची नोंद दारावरच्या पेटीने ठेवावी. ही तात्पुरती युक्ती आजही चालू आहे. तिच्यामुळे घरातला राउटर वाड्याच्या दिंडीदरवाज्यासारखा झाला. आत येणारे आणि बाहेर जाणारे सर्व काही त्याच्यातूनच जाते. म्हणूनच त्याचे कुलूप कसे आहे, हा दुसरा प्रश्न निर्णायक ठरला.

११/२५
मूळ मानकात कुलूप होते. त्याचे नाव 'वेप'. तारेच्या जाळ्याइतके खासगीपण बिनतारी जाळ्याला द्यावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. त्याची गुप्तकिल्ली सुरुवातीला अवघी ४० बिटांची होती, आणि त्यामागे राजकारण होते : बळकट सांकेतिक तंत्र देशाबाहेर पाठवण्यावर तेव्हा अमेरिकेचे निर्बंध होते. त्याहून गंभीर दोष रचनेत होता. प्रत्येक संदेशागणिक बदलणारा जो भाग किल्लीला जोडला जाई, त्याची लांबी होती २४ बिट. म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख शक्यता. आकडा मोठा भासतो, परंतु वर्दळीच्या जाळ्यात तो काही तासांत संपतो आणि जुनीच मूल्ये पुन्हा वापरात येतात.

१२/२५
२००१ मध्ये स्कॉट फ्लूरर, इत्झिक मँटिन आणि अदी शमीर या तीन संशोधकांनी वेपमधील सांकेतिक पद्धतीचा मूलगामी दुबळेपणा सिद्ध केला. हवेतले पुरेसे संदेश गोळा केले की किल्ली गणिताने काढता येते, हे उघड झाले. काही आठवड्यांतच ते काम आपोआप करणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळू लागली. मोटारीत लॅपटॉप ठेवून गल्लोगल्लीची जाळी टिपत फिरणारे हौशी याच काळातले. त्यांना दिसलेले दृश्य आणखी बोलके होते. कितीतरी घरांत हे दुबळे कुलूपसुद्धा लावलेले नसे, कारण राउटर कारखान्यातून कुलूप उघडे ठेवूनच येत. यंत्र खोक्यातून काढताक्षणी चालावे, यात विक्रेत्यांचा फायदा होता.

१३/२५
दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. २००३ पासून 'डब्ल्यूपीए' हे हंगामी कुलूप आले. ते मुद्दाम असे रचले होते की जुन्या यंत्रांतील सॉफ्टवेअर बदलून बसवता यावे. २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए२' हे अधिक मजबूत कुलूप आले, आणि मार्च २००६ पासून वाय-फायच्या शिक्क्यासाठी ते सक्तीचे झाले. 'डब्ल्यूपीए३' ची घोषणा २०१८ मधली. या टप्प्यातून मिळालेला धडा सूक्ष्म होता. ज्या राउटरला निर्मात्याने नवे सॉफ्टवेअर दिले, त्याचे कुलूप बदलले. ज्याला दिले नाही, तो राउटर चालू अवस्थेत असूनही असुरक्षित राहिला. यंत्राचे आयुष्य त्याच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर ठरत नाही, हे प्रथमच इतके स्पष्ट झाले.

१४/२५
भारतात या कहाणीला कायद्याची बाजू होती. येथील बिनतारी यंत्रांवर १८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांचा अंमल होता. दोन्ही वसाहतकाळातले, आणि दोन्हींचा पाया परवाना हाच. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केली. अमेरिकेतील निर्णयानंतर यात वीस वर्षे गेली होती. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीत तेव्हा घराच्या आतील वापरापुरती सवलत मिळाली. तिच्यातील ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. 'ड्युअल बँड' राउटर भारतीय घरात अधिक उपयोगी ठरण्यामागे ही तारीखही आहे.

१५/२५
कुलपाचा प्रश्न महाराष्ट्रात अत्यंत कठोर रीतीने समोर आला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल पोहोचला होता. तपासात त्याचा पत्ता नवी मुंबईतील एका घराच्या इंटरनेट जोडणीपर्यंत गेला. तेथे राहणारा परदेशी नागरिक संशयाच्या भोवऱ्यात सापडला. त्याच्यावर आरोप मात्र ठेवला गेला नाही. त्याचे बिनतारी जाळे उघडे होते आणि ई-मेल पाठवणाऱ्याने त्याचा आडोसा घेतला होता. पुढच्या आठवड्यांत मुंबईतील आणखी काही जोडण्यांचा असाच गैरवापर झाला.

१६/२५
दहाव्या भागातली दिंडीदरवाज्याची उपमा येथे अक्षरशः खरी ठरली. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आत कोण होते, हे तो पत्ता सांगत नाही. जानेवारी २००९ मध्ये शहरातील उघडी जाळी शोधण्यासाठी पथके फिरवण्याचे मुंबई पोलिसांनी जाहीर केले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने ग्राहकांची वाय-फाय जाळी सुरक्षित असावीत, याविषयी इंटरनेट सेवा कंपन्यांना सूचना दिल्या. अमेरिकेत उघडे जाळे हा शेजारधर्म की निष्काळजीपणा, असा वाद चालला होता. येथे तो प्रश्न पोलीस तपासाच्या कागदांत शिरला. राउटरला परवलीचा शब्द घालणे ही तांत्रिक बाब उरली नाही.

१७/२५
आता थोडे मागे जायला हवे, कारण तिसरा प्रश्न वेगाच्या वाटेने आला. खोलीत सोडलेली रेडिओ लहर भिंती, छत, कपाट यांवर आपटून निरनिराळ्या वाटांनी निरनिराळ्या क्षणी पोहोचते. रिकाम्या सभागृहात बोलणे घुमते, तशातलाच हा प्रकार. ऑस्ट्रेलियातील 'सीएसआयआरओ' या शासकीय संशोधन संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली : संदेशाचे तुकडे करून ते अनेक वारंवारतांवर एकाच वेळी, पण संथ गतीने पाठवायचे. ओसुलिव्हन मुळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. कृष्णविवरांच्या स्फोटाचे संकेत शोधताना वापरलेले गणित त्यांना येथे उपयोगी पडले. १९९६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. पुढील खटले आणि तडजोडींतून संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

१८/२५
संदेश अनेक वारंवारतांवर विभागण्याच्या या मार्गाने वेग ५४ मेगाबिटवर गेला. जून २००३ मध्ये मंजूर झालेले '८०२.११जी' मानक २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग देत होते. त्याच्या मंजुरीची वाट न पाहता डिसेंबर २००२ मध्ये 'लिंकसिस' कंपनीने निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनांचा एक राउटर बाजारात आणला : डब्ल्यूआरटी५४जी. नावातला ५४ हा वेगाचाच आकडा. १९८८ मध्ये व्हिक्टर आणि जेनी त्साओ या तैवानमधून आलेल्या दांपत्याने कॅलिफोर्नियातील आपल्या घराच्या गॅरेजात ही कंपनी सुरू केली होती. मार्च २००३ मध्ये सिस्कोने ती सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. घरगुती राउटरची बाजारपेठ किती मोठी होणार, याची ही पावती होती.

१९/२५
जून २००३ मध्ये लिनक्सच्या विकसकांच्या पत्रसूचीत एक निरीक्षण आले : या राउटरच्या आतील सॉफ्टवेअरमध्ये लिनक्सचे भाग आहेत. लिनक्स फुकट असले तरी बिनशर्त नाही. त्याचा 'जीपीएल' परवाना सांगतो की ते वापरून बनवलेली वस्तू विकायची, तर त्या भागांचा मूळ कोड ग्राहकालाही द्यायला हवा. लिंकसिसने तो दिला नव्हता. दबाव वाढला आणि त्याच वर्षी कंपनीने कोड खुला केला. तिसरा प्रश्न यातून पुढे आला, आणि तो खोक्यावर कधीच छापलेला नव्हता : विकत आणलेल्या राउटरच्या आतले सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात असते?

२०/२५
खुल्या झालेल्या कोडातून २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. पाठोपाठ 'डीडी-डब्ल्यूआरटी' आला. साध्या घरगुती राउटरवर नवे सॉफ्टवेअर चढवले की त्यात महागड्या यंत्रांतल्या सुविधा येत : कोणत्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणे, सुरक्षित बोगद्यातून दूरच्या जाळ्याशी जोडणे, एका राउटरने दुसऱ्याचा संदेश पुढे नेणे. यात सर्वांत मोलाचे होते ते दुरुस्तीचे स्वातंत्र्य. निर्मात्याने लक्ष काढून घेतले तरी हौशी विकसकांचा समुदाय नवे दोष शोधून बुजवत राही. याच गुणासाठी एखादा राउटर निवडणारा खरेदीदारांचा छोटा, पण चोखंदळ वर्ग तयार झाला.

२१/२५
कंपनीची भूमिका दुहेरी होती. २००५ च्या अखेरीस याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्स काढले गेले आणि स्मृतीही निम्म्यावर आली : चालू कामासाठी १६ ऐवजी ८ मेगाबाइट, साठवणीसाठी ४ ऐवजी २. सुटे भाग स्वस्त पडले. बाहेरून खोके आणि नाव तेच. आतली वस्तू मात्र वेगळी. दुसरीकडे, जुन्या रचनेचा लिनक्सवर चालणारा राउटर 'डब्ल्यूआरटी५४जीएल' या नावाने वेगळा आणि अधिक किमतीला विकायला आला. त्यानंतर दहा वर्षांनीही तो विकला जात होता, तोवर त्याचा वेग कधीच मागे पडला होता. गिऱ्हाइके वेगासाठी पैसे मोजत नव्हती. आतल्या किल्ल्या आपल्या हाती राहाव्यात म्हणून मोजत होती.

२२/२५
कोडाचा वाद पुढे न्यायालयात गेला. डिसेंबर २००८ मध्ये 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन'ने सिस्कोवर परवानाभंगाचा दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागात विमानतळांजवळील हवामान रडार काम करतात, आणि मनाजोगते बदललेले प्रक्षेपक त्यांत व्यत्यय आणू शकतात. त्यामुळे २०१५ च्या सुमारास एफसीसीच्या नियमांमुळे राउटरचे सॉफ्टवेअर कायमचे बंदिस्त होईल, अशी भीती पसरली. ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने शक्तिमर्यादा मोडणाऱ्या एका उत्पादकाशी तडजोड करताना मध्यम मार्ग दाखवला : लहरींचे नियम पाळा, पण इतरांचे सॉफ्टवेअर चालू द्या.

२३/२५
यानंतरची घटना चौथ्या प्रश्नाची. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचे दुष्ट सॉफ्टवेअर जगभर पसरले. त्यात कोणतेही गहन गणित नव्हते. कारखान्यातून येतानाच ठेवलेल्या नावा-परवलीच्या साठ-एक जोड्या ते कॅमेरे, ध्वनिचित्रमुद्रक आणि राउटर यांवर एकामागून एक वापरून पाहत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा गुलाम यंत्रांच्या फौजेने एका मोठ्या नामनिर्देशन सेवेवर हल्ला केला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास कोलमडली. नोव्हेंबरच्या शेवटी त्याच्याच एका सुधारित रूपाच्या हल्ल्याने जर्मनीतील सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. घरातली छोटी पेटी परक्याच्या लढाईत शिपाई होऊ शकते, हे सामान्य ग्राहकाला तेव्हा कळले.

२४/२५
म्हणून चौथा प्रश्न : या राउटरला सुरक्षिततेची दुरुस्ती किती वर्षे मिळेल? खोक्यावर वेगाचा आकडा हमखास असतो. तोही बहुधा सर्व पट्ट्यांवरील सैद्धांतिक वेगांची बेरीज असते, आणि दोन भिंतींपलीकडच्या एका फोनला त्याचा लहानसा हिस्साच मिळतो. दुरुस्तीची मुदत मात्र बराच काळ कोठेच छापली जात नव्हती. आता कायदे तिच्याकडे वळले आहेत. सिंगापूरने २०२० मध्ये सुरक्षिततेची श्रेणी दाखवणारी योजना आणली आणि राउटरसाठी तिचे किमान निकष सक्तीचे केले. २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये सर्व यंत्रांना एकच परवलीचा शब्द देण्यास मनाई झाली आणि सुरक्षादुरुस्ती किमान कधीपर्यंत मिळेल हे जाहीर करणे निर्मात्यावर बंधनकारक झाले.

२५/२५
पुन्हा दुकानातल्या फळीकडे. 'वाय-फाय' हा शिक्का १९९९ च्या गोंधळाचे उत्तर आहे, 'डब्ल्यूपीए३' हे २००१ मध्ये फुटलेल्या कुलपाचे, आणि 'ड्युअल बँड' हे १९८५ च्या पडीक जमिनीचे. ही तिन्ही उत्तरे आज स्वस्तातल्या राउटरवरही सापडतात, त्यामुळे त्यांवरून निवड फारशी ठरत नाही. निवड ठरते ती उरलेल्या दोन प्रश्नांवर : आतले सॉफ्टवेअर बदलता येते का, आणि निर्माता ते किती वर्षे दुरुस्त करणार आहे? दुसऱ्याचे उत्तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे, यावरून कळू शकते. पहिल्याचे उत्तर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत त्या मॉडेलचे नाव आहे की नाही, यावरून. ही यादी पाहताना मॉडेलच्या नावाबरोबर आवृत्तीचा क्रमांकही जुळवून घ्यावा लागतो; तेच नाव, तेच खोके आणि आत वेगळीच वस्तू, हे २००५ मध्ये एकदा घडून गेलेले आहे.